तारा लावलेले दात आणि हातातला मोबाईल



वाकडे दात सरळ करण्यासाठी मुलांच्या दातांना तारा लावून घेणे आता बऱ्हाणपूरच्या खेड्यांतही नवे राहिलेले नाही. आपल्या धर्मग्रामातील एका कुटुंबाने कांदेबागाची केळी विकून आलेला पैसा मुलीच्या तारांसाठी घातला. दीड वर्षभर बाप दर महिन्याला कामाचा दिवस मोडून तिला शहरातील दंतवैद्याकडे नेत होता. तारा निघाल्या, दात सरळ झाले; पण तार अडकवण्यासाठी जिथे चौकटी चिकटवल्या होत्या, त्यांच्या भोवती खडूसारखे पांढरे डाग राहिले. आई मला म्हणाली, “फादर, पैसे मोजून दात सरळ केले आणि पैसे मोजूनच नासवले.”

हे डाग तारांमुळे पडत नाहीत. चौकटीच्या कडेला अन्न अडकते, त्यावर जंतूंचा चिकट थर बसतो. हे जंतू साखरेपासून आम्ल तयार करतात आणि ते आम्ल दाताच्या वरच्या कठीण थरातील खनिज खाते. दात नीट घासले नाहीत तर महिनाभरातही डागाची सुरुवात होते. पुढे तिथेच कीड लागते. ठिबकची नळी चोंदू नये म्हणून आपण ती वेळेवर धुऊन काढतो, मग मुलाच्या तोंडातली तार का विसरतो?

दिवसातून दोनदा, निदान दोन मिनिटे ब्रश करावा. रात्री झोपण्यापूर्वीचा कधीही चुकवू नये, कारण झोपेत लाळ कमी होते. ब्रश तिरपा धरून आधी तारेच्या वरची बाजू, मग खालची बाजू घासावी. तारेखाली जाणारा बारीक ब्रश औषधाच्या दुकानात मिळतो. पेस्ट फ्लोराइडची असावी. भाजलेले कणीस, फुटाणे, ऊस यांनी चौकटी उखडतात. आपली मावा जिलेबी सणाला खावी, पण लगेच दात घासावेत. (गुटखा-सुपारीबद्दल मी वेगळे बोलणार आहे, काही मुलांना कळले असेलच.)

हे सारे दंतवैद्य पहिल्याच दिवशी सांगतात. चौदा वर्षांचे पोर ते आठवडाभर पाळते. इथे मोबाईल कामी येतो. ज्या यंत्रावर आपण केळीचे भाव आणि पावसाचा अंदाज पाहतो, त्याच्यावर ब्रशची वेळ सांगणारी, दोन मिनिटे गाणे वाजवणारी अ‍ॅप फुकट मिळतात. पण नुसती घंटा मुले बंद करून टाकतात. इटलीतील संशोधकांनी २०१६ साली प्रसिद्ध केलेला प्रयोग म्हणूनच मला पटला. तारा लावलेली ८० मुले घेतली. त्यांतल्या निम्म्या मुलांचा व्हॉट्सअ‍ॅपवर गट केला. त्यांनी आपल्या दातांची छायाचित्रे गटात टाकायची, कोणाचे दात जास्त स्वच्छ याची चढाओढ करायची. वर्षभरात या मुलांच्या दातांवर थर, डाग आणि कीड इतरांपेक्षा कमी आढळली. वडीलधाऱ्यांच्या ओरडण्यापेक्षा बरोबरीच्यांची नजर मुलांना जास्त लागते, हे दृढीकरणाच्या वर्गात मी रोज पाहतो.

फोन हातात दिला की मूल रात्रभर त्यातच राहील, ही तुमची भीती खोटी नाही. म्हणून फोन आईचा असावा, गटात आईने असावे, आणि छायाचित्र फक्त दातांचे असावे, चेहऱ्याचे नाही. मुलींच्या बाबतीत यात सवलत नाही. फोन दंतवैद्याची जागा घेत नाही. दर महिन्याची फेरी चुकवू नका. हिरड्यांतून रक्त येत असेल किंवा चौकट सुटली असेल तर पुढच्या तारखेची वाट पाहू नका. खर्च झेपत नसेल त्यांनी इंदूरच्या शासकीय दंत महाविद्यालयात चौकशी करावी. कागदपत्रांसाठी मी मदत करीन.

आपल्या धर्मग्रामात तारा लावलेली मुले मोजकीच आहेत. येत्या रविवारी मिस्सा झाल्यावर त्यांनी आईसोबत सभागृहात थांबावे. ब्रश बरोबर आणावा, फोनही आणावा.