वाघनखाची पेटी काय सांगते?

काशीच्या दशाश्वमेध घाटावर संध्याकाळच्या गंगारतीला महाराष्ट्रातले यात्रेकरू हमखास असतात. त्यांतल्या कुणालाही विचारा, अफजलखान कशानं मेला? उत्तर एकच येईल: वाघनखांनी. गंमत अशी, की याच काशीत गंगाकाठच्या पंडितांना सांगितलेली म्हणून जी शिवकथा आपल्याकडे आहे, तिच्यात वाघनखांचा पत्ता नाही. कवींद्र परमानंद नेवासकरांच्या ‘शिवभारत’ची मांडणीच तशी आहे. कवी तीर्थयात्रेला काशीत येतो, पंडित त्याला शिवरायांचं चरित्र विचारतात आणि तो सांगू लागतो. प्रतापगडाखालच्या भेटीचा प्रसंग त्यात सविस्तर येतो, पण राजांच्या हाती दिसतात ते कृपाण आणि पट्टा.

मग वाघनखं आली कुठून? तीही जुन्याच साधनांतून. शाहीर अज्ञानदासाच्या पोवाड्यात बिचवा आणि वाघनख, दोन्ही आहेत. कृष्णाजी अनंत सभासदानं सतराव्या शतकाच्या अखेरीस, राजाराम महाराजांच्या सांगण्यावरून जिंजीत बखर लिहिली. तिच्यात खान राजांची मान काखेत दाबून जमदाडीचा, म्हणजे कट्यारीचा, वार करतो. राजे डाव्या हातानं वाघनख चालवतात आणि उजव्या हातानं बिचवा. खानाच्या अंगात नुसता झगा होता, हेही सभासद विसरत नाही. पुढे शीर कापतो तो संभाजी कावजी. म्हणजे १० नोव्हेंबर १६५९ रोजी खान पडला यावर सगळ्यांचं एकमत. कुठल्या हत्यारानं, यावर नाही.

वाघनखाची रचना पाहिली की बखरीतली जोडी पटते. पोलादाची एक आडवी पट्टी, तिच्या दोन टोकांना दोन कड्या आणि पट्टीला जडवलेली वाकडी नखं. कड्या तर्जनी आणि करंगळीत अडकवायच्या, नखं तळहाताच्या बाजूला ठेवायची आणि मूठ अर्धी मिटायची. समोरच्याला दोन अंगठ्या तेवढ्या दिसतात. गळाभेटीला येणाऱ्या माणसापासून लपवायला याहून सोयीचं हत्यार नाही. पण नखं आखूड. ती फाडतात, खोल जात नाहीत. चिलखतापुढे तर त्यांचं काहीच चालत नाही. खोल घावासाठी बिचवाच हवा.

लंडनच्या व्हिक्टोरिया अँड अल्बर्ट संग्रहालयातल्या, महाराजांची म्हणून सांगितल्या जाणाऱ्या वाघनखांचा वाद यापुढचा आहे. ती इकडे आणण्याचा सामंजस्य करार ऑक्टोबर २०२३ मध्ये झाला आणि जुलै २०२४ मध्ये ती तीन वर्षांच्या बोलीवर महाराष्ट्रात आली. साताऱ्याच्या छत्रपती शिवाजी महाराज संग्रहालयात ती पाहायला रांगा लागल्या. कोल्हापूरचे इतिहास अभ्यासक इंद्रजित सावंत यांनी मात्र ही महाराजांची वाघनखं नव्हेत, असा आक्षेप घेतला. मूळ वाघनखं साताऱ्याच्या छत्रपती घराण्याकडेच आहेत, असं त्यांचं म्हणणं. आणि हीच ती वाघनखं, याची खातरजमा करता आलेली नाही, हे लंडनचं संग्रहालय स्वतःच नोंदवतं.

संग्रहालयाकडे पुरावा म्हणून आहे ती एक पेटी. तिच्यावरच्या इंग्रजी मजकुराचा आशय असा: शिवाजीनं ज्यानं मोगल सेनापतीला मारलं ते हे वाघनख, ईडनचे जेम्स ग्रँट डफ साताऱ्याला रेसिडेंट असताना मराठ्यांच्या पेशव्याच्या प्रधानानं त्यांना दिलं. एवढ्याशा मजकुरात तीन ठिकाणी अडखळायला होतं. अफजलखान मोगलांचा नव्हे, विजापूरच्या आदिलशाहीचा सरदार. पेशवा हा स्वतःच छत्रपतींचा प्रधान. त्याचा प्रधान कोण, हे पेटी सांगत नाही. तिसरी गोष्ट सगळ्यांत बोलकी. साताऱ्यात १८१८ ते १८२२ या काळात होता तो जेम्स ग्रँट. स्कॉटलंडमधली ईडनची इस्टेट त्याच्याकडे आली आणि ‘डफ’ हे नाव त्यानं जोडलं ते १८२५ च्या सुमाराला, मायदेशी परतल्यावर. म्हणजे हा मजकूर वस्तू हाती आली तेव्हाचा नाही. नंतरचा, आठवणीतून किंवा ऐकून लिहिलेला.

त्याच ग्रँट डफचा मराठ्यांचा इतिहास १८२६ मध्ये छापला गेला. वाघनख म्हणजे काय, हे इंग्रज वाचकाला समजावताना तो तीन वाकड्या पात्यांचं हत्यार वर्णितो. लंडनच्या वाघनखाला नखं आहेत चार. एवढ्यावरून ते खोटं ठरत नाही, कारण तो एकूण हत्याराबद्दल बोलत असेल. तरी प्रत्यक्ष ते वाघनख जवळ बाळगणाऱ्याची लेखणी इथे तीनवर का थांबली, हा प्रश्न उरतोच. त्याच्या वंशजांकडून ते संग्रहालयात गेलं. १८१८ पासूनची साखळी ही अशी, कच्ची पण आहे. १६५९ ते १८१८ या जवळपास १६० वर्षांचा मात्र एकही दुवा नाही.

प्रयोगशाळा इथे किती उपयोगी? पोलाद हातानं घडवलेलं की यंत्रावर लाटलेलं, कानशीच्या खुणा कशा, कड्या आतून किती झिजल्या, हे तज्ज्ञ सांगू शकतात. त्यावरून वस्तूचा काळ अदमासता येतो, एकोणिसाव्या शतकात साहेबलोकांसाठी घडवलेला नमुना वेगळा काढता येतो. पण धातू मालकाचं नाव सांगत नाही. ते कागदच सांगतात: जामदारखान्याची यादी, दफ्तरातली नोंद, देणाऱ्याचं पत्र.

लपवायची हत्यारं आपल्याकडे पुष्कळ होती आणि त्यांतली बरीचशी साधूफकिरांच्या सामानात शोभणारी. काठीत पातं दडवलेली गुप्ती सर्वांच्या परिचयाची. बैराग्याच्या कुबडीतही पातं असे; ‘जफर तकिया’ नावाची, बसल्या जागी हात टेकायची तशीच कुबडी दरबारी लोक वापरत. साताऱ्याजवळ सज्जनगडावर समर्थ रामदासांची म्हणून जपलेली कुबडी आहे, तिच्यातही गुप्ती आहे. तिथे वस्तू मठाच्या परंपरेत राहिली, लिलाव आणि बोटी यांतून फिरली नाही. तिची साखळी श्रद्धेची आहे. लंडनच्या पेटीला तोही आधार नाही.

दशाश्वमेध घाटाचंही असंच तीन पदरी आहे. ब्रह्मदेवानं इथे दहा अश्वमेध केले ही पुराणकथा. काशीप्रसाद जायसवालांनी ते भारशिव नाग राजांशी जोडले हा इतिहासकाराचा तर्क. आणि दगडी बांधकाम अठराव्या शतकातलं, पेशव्यांचं आणि अहिल्याबाईंचं. पायऱ्या मराठी म्हणून कथा खोटी ठरत नाही आणि कथा जुनी म्हणून पायऱ्या पुरातन होत नाहीत. वाघनखांनाही हाच न्याय लावायला हवा. राजांनी वाघनख वापरलं का, समोरची वस्तू तितकी जुनी आहे का आणि ती तीच आहे का, हे तीन वेगळे प्रश्न आहेत. पहिल्याला सभासद आणि अज्ञानदास होकार देतात, दुसऱ्याला धातूची तपासणी उत्तर देऊ शकेल. तिसऱ्याला आज उत्तर नाही, आणि काचपेटीशेजारच्या पाटीवर तेवढं वाक्य ठळक छापलं तर शिवरायांच्या पराक्रमात तसूभरही उणं येणार नाही.