कोनच्या कानांची चाळीस वर्षं

दुर्गाडी किल्ल्याजवळ खाडीवरचा पूल ओलांडला की कल्याण मागे राहतं आणि भिवंडी तालुक्यातलं कोन लागतं. कल्याण-भिवंडी रस्ता गावाला चिकटून जातो. रस्त्यावर रिक्षा, टेम्पो, कंटेनर. जवळच सरवलीची एमआयडीसी. पुढे राजनोली नाका आणि मुंबई-नाशिक महामार्ग. अंगावर वागवायच्या यंत्रांची चर्चा होते ती मोठ्या शहरांतल्या ग्राहकांना डोळ्यांसमोर ठेवून. पण ही यंत्रं खोक्यांत भरून भिवंडीच्या गोदामांमधून गावोगाव जातात आणि ती वापरणारी पोरं-पोरीही याच पट्ट्यात राहतात. म्हणून कानातले बड्स आणि डोळ्यांवरचे हेडसेट यांचा मागोवा कोनमधूनच घ्यावासा वाटला.

या चाळीस वर्षांकडे पाहताना एक गोष्ट स्पष्ट दिसते. ज्या यंत्राने माणसाचे हात मोकळे ठेवले ते इथे टिकलं. ज्याने माणूस पूर्णच मागितला ते आलं आणि गेलं. आणि जे टिकलं, त्याची किंमत कान मोजत आहेत. तिचा हिशेब मात्र कोणी मांडलेला नाही.

ऐंशीच्या दशकात आवाज सगळ्यांचा होता. एका घरातला रेडिओ चार घरं ऐकत. आकाशवाणी मुंबईची ‘कामगार सभा’ आणि ‘आपली आवड’ ओटीवर बसून ऐकली जाई. सोनी कंपनीने १ जुलै १९७९ रोजी जपानमध्ये वॉकमन विकायला काढला आणि एकट्याने ऐकण्याची सोय जगात आली. आखाती देशांत नोकरीला गेलेल्या नातेवाइकांकडून तो इकडच्या घरांत पोचला, पण मोजक्याच. हळदीच्या रात्रीचा बेंजो आणि आगरी गाण्यांच्या कॅसेट अख्ख्या आळीसाठी वाजत.

त्याच वेळी भिवंडीत आणि आसपासच्या गावांत लूम अहोरात्र चालत होते. धोट्याच्या यंत्रमागाचा आवाज शेडमध्ये नव्वद डेसिबलच्या वर सहज जातो. तिथले कामगार बोलत ते हातवाऱ्यांनी आणि ओठ वाचून. कानात घालायला काही मिळालंच, तर ते कापसाचे बोळे. कारखाना कायदा १९४८च्या तिसऱ्या अनुसूचीत आवाजामुळे येणारा बहिरेपणा हा व्यवसायजन्य आजार म्हणून नोंदलेला होता, पण पाच-पंचवीस मागांच्या शेडपर्यंत तो कायदा क्वचितच पोचला. कोनमध्ये किंवा भिवंडीत म्हातारपणी टीव्हीचा आवाज वाढवून बसणारा माणूस दिसला, की त्याने उमेदीची वर्षं कुठे काढली असतील याचा अंदाज बांधता येतो. त्याच्या कानामागे अडकवलेलं ऐकण्याचं मशीन हे या भागात कानाला लागलेल्या सुरुवातीच्या यंत्रांपैकी एक. वांद्र्याची अली यावर जंग राष्ट्रीय संस्था १९८३ पासून ऐकू न येणाऱ्यांसाठी काम करते आहे. पण मशीन लावलेला माणूस चारचौघांत संकोचायचा. आज कानात काहीतरी असणं हीच रीत झाली आहे. हा संकोच सरला, ही या काळाची मोठी कमाई आहे.

दोन हजार सालानंतर मोबाइल आला. मुंबईत खासगी एफएम वाहिन्या सुरू झाल्या आणि साध्या बटणांच्या फोनवर त्या फुकट ऐकता येऊ लागल्या. फोनला हँड्स-फ्रीची वायर जोडल्याशिवाय एफएम लागत नसे, कारण ती वायरच अँटेनाचं काम करी. कल्याण लोकलमध्ये उभ्याने जाणाऱ्या माणसाला त्या वायरीने स्वतःचा असा एक तास मिळवून दिला. पुढे वायर गेली तसा फुकटचा रेडिओही फोनमधून बाजूला पडला आणि ऐकणं डेटावर अवलंबून राहिलं. २०२३ मध्ये केंद्र सरकारच्या इलेक्ट्रॉनिक्स व माहिती तंत्रज्ञान मंत्रालयाने फोन कंपन्यांना एफएम बंद न ठेवण्याची सूचना केली. पुरात, वादळात नेटवर्क कोलमडतं आणि तेव्हा रेडिओच उरतो, हे त्यामागचं कारण होतं.

जून २०१३ मध्ये अॅमेझॉनने भारतात विक्री सुरू केली. कंपनीचं देशातलं पहिलं, सुमारे दीड लाख चौरस फुटांचं गोदाम भिवंडीत होतं. मुंबईच्या जकातीबाहेरची जमीन आणि महामार्ग यांमुळे इथे गोदामं आधीपासूनच उभी राहत होती. ऑनलाइन खरेदीने त्यांचा वेग वाढवला. शेतात आणि मिठागरात राबलेल्या कुटुंबांतली पुढची पिढी पॅकिंगला, स्कॅनिंगला, डिलिव्हरीला लागली. कामावर अंगावर चढलेलं पहिलं यंत्र त्यांना इथे भेटलं. हातातला स्कॅनर, काही ठिकाणी बोटात घालायचा अंगठीसारखा स्कॅनर. माल किती वेगाने उचलला जातो, हे त्यातून क्षणोक्षणी नोंदलं जातं. जानेवारी २०१८ मध्ये अॅमेझॉनला अमेरिकेत एक पेटंट मिळालं. कामगाराचा हात कोणत्या खणाकडे जातो, हे ओळखणाऱ्या मनगटपट्ट्याचं ते होतं. पेटंट म्हणजे वापर नव्हे, पण दिशा त्यातून कळते. आपण हौसेने घातलेलं यंत्र आणि मालकाने घालायला लावलेलं यंत्र यांत मोठं अंतर आहे. कामाच्या नोंदी कोणाकडे राहतात, हे विचारण्याचा हक्क गोदामातल्या पोरांना मिळायला हवा.

सप्टेंबर २०१६ चा पहिला आठवडा या कहाणीत महत्त्वाचा आहे. ५ तारखेला जिओची सेवा सुरू झाली आणि डेटा जवळजवळ फुकट झाला. ७ तारखेला अॅपलने आयफोन ७ दाखवला; त्यात इअरफोन लावायचं भोकच नव्हतं. सोबत जाहीर झालेल्या एअरपॉड्सची भारतातली किंमत १५,४०० रुपये होती. तेव्हा कोनमध्ये ती कोण देणार? पण पाच-सहा वर्षांत चिनी चिप स्वस्त झाल्या, बोट आणि नॉइजसारखे भारतीय ब्रँड पुढे आले आणि हजाराच्या आसपास बड्स मिळू लागले. कल्याण स्टेशनबाहेर आणि उल्हासनगरच्या बाजारात ‘फर्स्ट कॉपी’ त्याहूनही स्वस्त. आधी गळ्यात नेकबँड आला, मग कानात सुटे बड्स आणि खिशात त्यांची डबी.

बड्स इतके का रुजले, याचं उत्तर घरांत आहे. एका-दोन खोल्यांत सहा माणसं राहतात. अभ्यास, सासूबाईंची मालिका, धाकट्याचा गेम आणि रस्त्यावरचे हॉर्न एकाच वेळी चालू असतात. तांदळाची भाकरी थापताना दोन्ही हात पिठात असले, तरी सुनेला माहेरी आईशी बोलता येतं. कीर्तन ऐकत धुणं उरकतं. घरात स्वतःची खोली नसलेल्या बाईला बड्सनी स्वतःचा कोपरा दिला. मार्च २०२० नंतर शाळा फोनवर आली, तेव्हा एकाच खोलीत दोन भावंडांचे दोन वर्ग चालले ते इअरफोनच्या बळावर. २०२१ मध्ये कोरोनाच्या दुसऱ्या लाटेत घरोघरी बोटाला ऑक्सिमीटर लागला आणि अंगावरचं यंत्र शरीराविषयी काही सांगतं, हे सगळ्यांना पटलं. पुढे स्मार्ट घड्याळं खपली त्यामागे तो अनुभवही होता.

डोळ्यांवरच्या हेडसेटची गोष्ट वेगळी आहे. आयव्हन सदरलँड यांनी १९६८ मध्ये अमेरिकेत डोक्यावर घालायचा पहिला पडदा बनवला. तो इतका जड होता की छताला टांगावा लागे. २०१२ मध्ये ऑक्युलसने लोकांकडून वर्गणी काढून नवी सुरुवात केली आणि २०१४ मध्ये फेसबुकने ती कंपनी विकत घेतली. त्याच वर्षी गुगलने पुठ्ठ्याचा कार्डबोर्ड आणला. त्यात फोन सरकवला की भिंगांतून चहूबाजूंचं दृश्य दिसे. आपल्याकडे लोकांनी व्हीआर, म्हणजे हे आभासी वास्तव, बघितलं ते मॉलमधल्या स्टॉलवर, थोड्या वेळाच्या झोपाळ्यासाठी नाहीतर भुताच्या खेळासाठी. २०२३ च्या आयपीएलच्या वेळी जिओने १,२९९ रुपयांना जिओडाइव्ह काढला. फोन आत ठेवून स्टेडियममध्ये बसल्यासारखा सामना पाहता येईल, अशी ती कल्पना होती. पण आपल्याकडे क्रिकेट दहाजण मिळून बघतात. डोळे झाकून एकट्याने चौकार पाहण्यात रंगत नाही. फेब्रुवारी २०२४ मध्ये अॅपलचा ३,४९९ डॉलरचा व्हिजन प्रो अमेरिकेत विक्रीला आला. तिथेही तो घरोघरी पोचला नाही.

हेडसेट न रुजण्याचं एक कारण पैसा, दुसरं जागा. तिसरं कारण कानाच्या आतच आहे. अंतर्कर्णातले काही अवयव शरीराचा तोल सांभाळतात. हेडसेटमध्ये डोळे सांगतात की आपण पळतो आहोत. हे अवयव सांगतात की आपण जागचे हललेलो नाही. या विसंगतीने मळमळतं, डोकं दुखतं. म्हणजे ज्या कानाने बड्स स्वीकारले, त्याच कानाने हेडसेटला हरकत घेतली. तरीही हे तंत्र टाकाऊ नाही. गोदामातली आग, उंच रॅकवरचं काम, फोर्कलिफ्ट चालवणं, हे सगळं धोका न पत्करता शिकवायला व्हीआर उत्तम आहे. आगीच्या बातम्या वारंवार येणाऱ्या भिवंडीच्या गोदामपट्ट्यात त्याचा खरा उपयोग प्रशिक्षणासाठीच व्हायला हवा.

आता राहिला किमतीचा हिशेब. जागतिक आरोग्य संघटनेच्या मते १२ ते ३५ वयातल्या एक अब्जाहून अधिक लोकांची श्रवणशक्ती मोठ्या आवाजात ऐकण्याच्या सवयीमुळे धोक्यात आहे. संघटनेने सुचवलेली मर्यादा आठवड्याला ४० तास ८० डेसिबल अशी आहे. आवाज ९० वर गेला की तेच प्रमाण आठवड्याला चार तासांवर येतं. रस्त्यालगत राहणाऱ्या माणसाला ट्रकच्या वर गाणं ऐकायचं असतं, म्हणून तो आवाज वाढवतो आणि ही मर्यादा ओलांडतो. अंतर्कर्णातल्या सूक्ष्म केसपेशी एकदा मेल्या की पुन्हा उगवत नाहीत. नुकसान सुरू होतं ते वरच्या पट्टीपासून. आधी ‘स’, ‘फ’, ‘थ’ अशी व्यंजनं अस्पष्ट होतात. मग माणूस म्हणतो, ऐकू येतं पण कळत नाही. लूमच्या शेडमध्ये आजोबांना जे झालं, तेच नातवाला स्वखुशीने होऊ शकतं.

आवाज कापणारे बड्स इथे उपयोगी पडतात. एमआयटीचे प्राध्यापक अमर बोस यांना १९७८ मध्ये विमानप्रवासात ही कल्पना सुचली आणि १९८९ मध्ये त्यांच्या कंपनीने वैमानिकांसाठी आवाज कापणारा पहिला हेडसेट बाजारात आणला. बाहेरच्या सलग घरघरीला उलट्या लहरींनी शमवलं की गाणं हळू ठेवूनही ऐकू येतं. घरात बसून अभ्यास करणाऱ्याला हे वरदान आहे. पण हीच सोय रस्त्यावर आणि रुळांवर जीव घेते. दुचाकीवर बड्स, कल्याणला रूळ ओलांडताना बड्स, याला माफी नाही. दुसरा प्रश्न कचऱ्याचा. बड्समधली इवलीशी बॅटरी दोन-तीन वर्षांत दमते आणि ती बदलता येत नाही. १ एप्रिल २०२३ पासून लागू झालेल्या ई-कचरा नियमांनी जबाबदारी उत्पादकांवर टाकली आहे. गावात मात्र मेलेले बड्स ओल्या-सुक्या कचऱ्यातच जातात. ग्रामपंचायतीने त्यासाठी एक वेगळा डबा ठेवला तरी सुरुवात होईल.

कानातल्या यंत्रांनी कोनला कमी दिलेलं नाही. गोंगाटात एकांत दिला, राबत्या हातांना सोबत दिली, ऐकू न येणाऱ्यांचा संकोच कमी केला. सप्टेंबर २०२४ मध्ये अमेरिकेच्या अन्न व औषध प्रशासनाने बड्सना श्रवणयंत्र म्हणून वापरू देणाऱ्या सॉफ्टवेअरला प्रथमच मान्यता दिली. कधीतरी याचा फायदा आपल्या आजोबांनाही व्हावा. तोवर एवढं कराच. फोनचा आवाज साठ टक्क्यांच्या वर नेऊ नका, तासाभराने कानांना विश्रांती द्या, गाडीवर आणि रुळांजवळ बड्स डबीत ठेवा. ३ मार्च हा जागतिक श्रवण दिन. त्या दिवशी घरातल्या लूमवर राबलेल्या वडीलधाऱ्याची आणि दिवसभर बड्स घालणाऱ्या मुलाची, दोघांचीही श्रवणचाचणी करून घ्या.