मिगची पाठ

आमच्या इंदूरच्या घरी, बैठकीतल्या पुस्तकांच्या कपाटावर, एक विमान उभे आहे. लांबी जवळजवळ अर्धा मीटर, पंखांचा विस्तार सुमारे २२ सेंटीमीटर. मिग-२१ या लढाऊ विमानाची ही एकास बत्तीस प्रमाणातली प्रतिकृती. येणारा पाहुणा कौतुकाने विचारतो, “मुलाचे खेळणे वाटते?” आम्ही हसून मान हलवतो, पण खरा प्रकार निराळा आहे.

आमचे मामा नाशिकजवळच्या ओझर येथील विमानाच्या कारखान्यात फिटर होते. बालपणी उन्हाळ्याच्या सुटीत आम्ही त्यांच्याकडे जात असू. डोक्यावरून गर्जत विमान गेले, की मामा हातातला घास तसाच धरून आवाज विरेपर्यंत ऐकत राहत. आता त्यांचे वय ऐंशीच्या घरात आहे. काचबिंदूने दृष्टी गेल्यापासून ते आमच्याकडेच असतात.

२६ सप्टेंबर २०२५ रोजी चंडीगड येथे मिग-२१ला समारंभपूर्वक निरोप देण्यात आला. १९६३ साली ते जिथे भारतीय वायुसेनेत प्रथम दाखल झाले, तिथेच त्याची अखेर झाली. मामांनी तो सोहळा दूरदर्शन संचासमोर बसून केवळ कानांनी अनुभवला आणि त्या रात्री ते न जेवता निजले. दिवाळीत आमच्या चिरंजीवांनी या प्रतिकृतीच्या सुट्या भागांची पेटी घरी आणली, ती त्यांच्यासाठीच.

पेटी उघडली तेव्हा प्लॅस्टिकच्या चौकटींना लटकलेले शेकडो भाग पाहून आमची छाती दडपली. मामा मात्र म्हणाले, “घाबरतोस काय? ओझरलासुद्धा आरंभी रशियाहून सुटे भागच येत. जोडता जोडता लोक शिकले, मग इथेच सगळे घडवू लागले.” हे खरेच आहे. भारतात पुढे अशी सहाशेहून अधिक विमाने तयार झाली.

मामांच्या शिस्तीत काम सुरू झाले. साच्याचा तेलकटपणा जावा म्हणून सारे भाग साबणाच्या पाण्याने धुतले. गोंद लावण्यापूर्वी प्रत्येक जोड कोरडाच बसवून पाहिला. नाकात वजन नसेल तर अशी प्रतिकृती शेपटीवर बसते, म्हणून पुढच्या शंकूत शिशाचे छर्रे भरले. झटपट चिकटणाऱ्या गोंदाच्या वाफेने पारदर्शक काच धुरकट होते. ती साध्या पांढऱ्या गोंदाने बसवली.

धड जोडून झाले, तेव्हा मामांनी ते मांडीवर घेतले. नाकापासून शेपटीपर्यंत बोटे फिरवली आणि थांबले. “ही पाठ आमच्या विमानाची नव्हे.”

पेटीवर ‘एमएफ’ असे लिहिले होते. मामांनी ज्यांवर अखेरची कित्येक वर्षे काम केले, ती ‘बिस’ या पुढच्या जातीची विमाने. अधिक इंधन मावावे म्हणून त्यांची पाठ अधिक भरदार केलेली असते. चिरंजीव म्हणाले, “मामाआजोबा, कपाटावर ठेवल्यावर कुणाला कळणार?” मामा शांतपणे उत्तरले, “मला कळेल.”

मग पाठीवर प्लॅस्टिकच्या पातळ पट्ट्या चिकटवल्या, पुट्टी भरली, ती वाळल्यावर ओल्या पॉलिश पेपरने घासली. बुजलेल्या रेषा सुईने पुन्हा कोरल्या. दर रविवारी मामा हात फिरवत आणि म्हणत, “अजून थोडी.” अशा पाच खेपा झाल्या. सहाव्या रविवारी त्यांचा हात शेपटीपर्यंत न अडखळता गेला. ते काहीच बोलले नाहीत.

त्या संध्याकाळी आम्ही त्यांना एक जुनी शंका विचारली. वारंवारच्या अपघातांमुळे लोक या विमानाला ‘उडती शवपेटी’ म्हणत. त्याचे त्यांना काय वाटे? बराच वेळ गेला. मग म्हणाले, “प्रत्येक बातमीला मनात एकच यायचे, ते आपल्या हाताखालून गेलेले तर नव्हते ना? कारण दुसरेच निघाले तरी रात्र तशीच जायची. त्या पोरांचे प्राण आमच्या बोटांवर होते रे. म्हणून ‘चालेल’ हा शब्द मी कधी उच्चारला नाही.”

आम्ही आयुष्यभर मुलांच्या वह्या तपासल्या. थोड्याशा चुकीकडे ‘चालेल’ म्हणून किती वेळा काणाडोळा केला, हे त्या रात्री आठवत राहिले.

शेवटी रंग दिला. केशरी, पांढऱ्या, हिरव्या वर्तुळांची वायुसेनेची चिन्हे पाण्यात भिजवून अलगद सरकवली. ती मामांना दिसत नाहीत. पण दररोज सकाळी ते कपाटापाशी जातात आणि पाठीवरून एकदा हात फिरवतात. ते खेळणे नव्हे, हे पाहुण्यांना कसे सांगावे, हे मात्र आम्हांस अद्याप साधलेले नाही.