पीक करपायच्या आत

येडगावच्या धरणातून कुकडीचा डावा कालवा निघतो. आवर्तन लांबलं की काय होतं, हे टेलच्या शेतकऱ्याला सांगावं लागत नाही. करपलेलं पीक मागाहून आलेल्या पाण्यानं उठत नाही. स्पायनल मस्क्युलर अ‍ॅट्रोफी, म्हणजे एसएमए, या आनुवंशिक आजारात बाळाच्या मज्जारज्जूत असंच घडतं. एसएमएन नावाचं प्रथिन कमी पडतं, स्नायूंना हुकूम देणाऱ्या पेशी मरत जातात आणि मेलेली पेशी कुठलंच औषध परत आणत नाही.

बाळ हसतं, माणसं ओळखतं. पण चार महिने उलटले तरी मान धरत नाही, पाय झाडत नाही, श्वास घेताना छातीऐवजी पोटच हलतं. "बाळसं धरलं की धरेल मान," असं वडीलधारी मायेनंच म्हणतात. त्यात महिने जातात. मला सगळ्यांत भीती वाटते ती त्याच महिन्यांची.

दोष असतो पाचव्या गुणसूत्रावरच्या एसएमएन-१ या जनुकात. एकच सदोष प्रत असलेला माणूस ठणठणीत असतो, त्याला कधी पत्ताही लागत नाही. आईवडील दोघेही असे वाहक असले, तर प्रत्येक खेपेला बाळाला हा आजार होण्याची चारात एक शक्यता. मामाच्या मुलीशी लग्न केलं की ती जुळणी सोपी होते, पण नात्याबाहेरच्या जोडप्यांतही ती होते. अशा वेळी सुनेच्या नावानं बोटं मोडणं हा शुद्ध अन्याय आहे.

एसएमएन-२ हे जोडजनुक तेच प्रथिन बनवतं, पण थोडंच. मणक्यातून द्यायचं नुसिनर्सेन आणि तोंडावाटे द्यायचं रिसडिप्लाम त्याचंच काम वाढवतात. झोल्जेन्स्मा हे इंजेक्शन विषाणूच्या कवचातून चांगलं जनुकच पोचवतं. २०२१ मध्ये पिंपरी-चिंचवडच्या एका चिमुकलीसाठी लोकांनी त्याचे १६ कोटी उभे केले. जूनमध्ये इंजेक्शन मिळालं, ऑगस्ट उजाडताच ती गेली.

केंद्राच्या दुर्मिळ आजार धोरणात ५० लाखांपर्यंत मदत मिळू शकते, मुंबईचं केईएम त्यातलं एक केंद्र. ऑक्टोबर २०२५ मध्ये पेटंटच्या वादात सर्वोच्च न्यायालयानं हस्तक्षेप नाकारल्यावर नॅटको कंपनीचं रिसडिप्लाम १५,९०० रुपयांना बाटली असं आलं. मूळ बाटली सहा लाखांच्या घरात होती. मूल वाढतं तशा बाटल्याही वाढतात, तरी आता निदान हिशेब मांडता येतो.

निदानाला रक्ताचा एक नमुना पुरतो. घरात असं बाळ होऊन गेलं असेल, तर पुढच्या खेपेला तिसऱ्या-चौथ्या महिन्यातच गर्भाची तपासणी करता येते. त्यासाठी आधी नवराबायको, दोघांचंही रक्त तपासून घ्यावं.