आसन, हँडल आणि सवय : रस्त्याबाहेरच्या वाहनांच्या सुरक्षिततेची तुलना

रस्ता सोडून वाळू, चिखल, माळरान किंवा डोंगरउतार यांवरून मौजेखातर चालवावयाची जी लहान मोटारवाहने गेल्या अर्धशतकात प्रचारात आली, त्यांचे स्थूलमानाने तीन प्रकार पडतात : तीन चाकांचे, चार चाकांचे, आणि ज्यात चालक व सोबती शेजारी-शेजारी बसतात ते. यांपैकी अधिक सुरक्षित कोणते, हा प्रश्न प्रथमदर्शनी यंत्रशास्त्राचा वाटतो. डाव्या-उजव्या चाकांमधील अंतराचे अर्धे घ्यावे, त्यास गुरुत्वमध्याच्या उंचीने भागावे. भागाकार जितका मोठा तितके वाहन कलंडण्यास कठीण. हे गणित खरे आहे, परंतु अपुरे आहे. या वाहनांचा इतिहास पाहता असे दिसते की, प्रत्येक प्रकार आकाराने दुसऱ्याच एखाद्या परिचित वाहनासारखा आहे, आणि चालविणारा त्या परिचित वाहनाची सवय अंगात घेऊनच त्यावर बसतो. शब्दार्थाच्या अभ्यासकास ही घटना अनोळखी नाही. जुने चिन्ह नव्या संदर्भात गेले, तरी वाचणारा ते पुष्कळदा जुन्याच अर्थाने वाचतो.

होंडा कंपनीने १९७० साली अमेरिकेत आणलेले 'यूएस ९०' हे तीनचाकी वाहन या कुळातील आद्य होय. पुढे एक चाक, मागे दोन, कमी दाबाचे फुगीर टायर, आणि स्प्रिंगांचे काम त्या टायरांवरच सोपविलेले. अशा वाहनाचा आधार त्रिकोणी असतो. वळणावर ब्रेक लावला असता भार पुढे आणि बाहेरच्या बाजूस सरकतो. नेमक्या त्याच कोपऱ्यात त्रिकोणाला चाक नसते. त्यात मागची दोन्ही चाके एकाच अखंड आसावर असल्याने ती सारख्याच गतीने फिरतात व वाहन सरळच जाऊ पाहते. ते वळवावयाचे तर चालकाने शरीर वळणाच्या आत झुकवावे आणि त्याच वेळी बाहेरच्या फूटरेस्टवर भार देऊन आतले चाक हलके करावे, अशी अपेक्षा असते. मोटारसायकल स्वतःच आत झुकते. हे वाहन झुकत नाही. पण हँडल मोटारसायकलचे, बैठक मोटारसायकलची, तेव्हा हातपायही मोटारसायकलचेच. तोल जाताच स्वार सवयीने पाय जमिनीला टेकवी आणि मागचे रुंद चाक त्या पायावरून जाई.

डिसेंबर १९८७ मध्ये अमेरिकन सरकारने प्रमुख वितरकांविरुद्ध दावा दाखल केला. एप्रिल १९८८ मध्ये पाच कंपन्यांशी न्यायालयामार्फत दहा वर्षांचा करार झाला : नव्या तीनचाकींची विक्री थांबवावी, ९० घनसेंटिमीटरांहून मोठ्या इंजिनाचे वाहन सोळा वर्षांखालील मुलांसाठी विकू नये, खरेदीदारास प्रशिक्षण द्यावे. पुढे २००८ च्या कायद्याने नव्या तीनचाकींची आयात व विक्रीही रोखली. सुझुकीने १९८२ मध्ये आणलेल्या चारचाकी 'क्वाडरनर'चे वंशज मात्र राहिले. चौथ्या चाकाने तो उघडा कोपरा भरून काढला, यात शंका नाही. तरीही अमेरिकेत अशा वाहनांवर दरवर्षी शेकडो माणसे दगावत राहिली.

याचे एक कारण आसनात शोधावे लागते. अमेरिकन मानकाने या वाहनाची जी व्याख्या केली, तीत कमी दाबाचे टायर व हँडल यांबरोबर 'दोन बाजूंना पाय टाकून बसण्याचे आसन' हे लक्षण आहे, आणि केवळ चालकासाठी व चालक-अधिक-सोबत्यासाठी असे दोन वर्ग आहेत. पण पहिल्या वर्गातील आसनही पुरेसे लांब असते, कारण चढावर पुढे, उतारावर मागे आणि वळणावर आत सरकण्यास चालकाला जागा हवी. वाहन २८० किलोग्रॅमचे व स्वार ७० किलोग्रॅमचा धरला, तर एकूण भाराचा पाचवा हिस्सा हा हलता, जाणीवपूर्वक हलवावयाचा भार आहे. मागे दुसरा मनुष्य बसला की चालकाची हालचाल अडते, भार मागच्या आसावर व वर जातो, आणि चढावर पुढची चाके उचलून वाहन मागे उलटण्याची शक्यता वाढते.

आता अलिबाग-नागावच्या किनाऱ्यावर ही वाहने पर्यटकांना भाड्याने फिरविण्यात येतात, तेथील स्थिती पाहावी. बोलताना त्यांना सर्रास 'बाईक' म्हणतात. लांब आसन दिसले की स्कूटरवर वाढलेल्या मराठी माणसास 'डबलसीट' हा शब्द आठवतो, आणि पुढे बापाच्या मांडीपाशी पोरही बसते. इशाऱ्याची इंग्रजी पट्टी काहीही सांगो, आसनाचा आकार निराळेच सांगत असतो. मूळ इंग्रजी नावही निर्दोष नाही. 'ऑल-टेरेन' म्हणजे सर्व प्रकारच्या भूमीवर चालणारे. प्रत्यक्षात फुगीर टायरांचे हे वाहन साध्या डांबरी रस्त्यावरही बिचकते, आणि तेथे ते चालवू नये असे त्याच्याच पुस्तिकेत छापलेले असते.

तिसरा प्रकार 'साइड-बाय-साइड'. स्टिअरिंग, पायाखालचे पेडल, शेजारी आसने, पट्टे आणि डोक्यावर लोखंडी चौकट; थोडक्यात, छोटी जीप. येथे सवय जीपची येते, आणि जीपमध्ये पट्टा न बांधण्याची सवय आपल्याकडेच आहे असे नाही. मार्च २००९ मध्ये यामाहाच्या 'ऱ्हायनो' या वाहनासंबंधी अमेरिकेच्या ग्राहकवस्तू सुरक्षा आयोगाने जी माहिती प्रसिद्ध केली, ती या दृष्टीने बोलकी आहे. पन्नासाहून अधिक दुर्घटनांत ४६ मृत्यू. दोनतृतीयांशांहून अधिक प्रकरणी वाहन उलटलेले. अनेकांनी पट्टा बांधलेला नव्हता. आणि उलटण्याच्या पुष्कळ घटना सपाट जमिनीवर, मंद गतीने वळताना घडलेल्या. दुरुस्ती म्हणून मागील चाकांना ५० मिलिमीटरची कडी बसवून त्यांतील अंतर वाढविण्यात आले आणि मागचा अँटी-स्वे बार काढण्यात आला. यांतील कडी बसविणे हा वर दिलेल्या भागाकारातील अंश वाढविण्याचाच मार्ग होय.

पण अंश वाढला तरी हात बाहेर जायचा तो जातोच. वाहन कलू लागताच माणूस आधारासाठी हात किंवा पाय बाहेर काढतो, आणि तो चौकटीखाली येतो. चौकट शरीराचे रक्षण करते ते शरीर तिच्या आत राहिले तरच. म्हणूनच २०१४ मध्ये आयोगाने मांडलेल्या प्रस्तावात या दोन सूचना होत्या : आडव्या स्थैर्याची किमान मर्यादा ०.७० ग्रॅव्हिटी असावी, आणि चालकाने पट्टा न बांधल्यास वेग ताशी १५ मैलांवर, म्हणजे सुमारे २४ किलोमीटरांवर, आपोआप अडावा. यातील दुसरी सूचना विशेष मोलाची आहे. सवय बदलण्याचा उपदेश न करता ती सवयीलाच यंत्रात अडसर घालते. उद्योगाने आपले ऐच्छिक मानक २०१६ मध्ये सुधारले.

ऑस्ट्रेलियाने हाच विचार चारचाकीला लावला. ऑक्टोबर २०२१ पासून तेथे सर्वसाधारण वापराच्या नव्या 'क्वाड बाईक'ला चालक-रक्षक चौकट व किमान स्थैर्य बंधनकारक झाले. हेतू असा की, वाहन उलटले तरी खाली माणसापुरती पोकळी राहावी. उत्पादकांचा आक्षेप होता की, मोकळ्या स्वाराला तीच चौकट लागू शकते. काही मोठ्या कंपन्यांनी तर ती बाजारपेठच सोडली. आक्षेप निराधार म्हणता येत नाही, परंतु वाहनाखाली अडकून श्वास कोंडणे हा या अपघातांतील मृत्यूचा परिचित प्रकार लक्षात घेता तराजू चौकटीकडेच झुकतो.

तेव्हा पट्टा व हेल्मेट घातलेल्या प्रौढासाठी साइड-बाय-साइड अग्रस्थानी ठेवावे लागेल. पट्टा सुटला की तिचा हा अधिकार गेला. एकट्या, शिकलेल्या स्वारासाठी चारचाकी दुसरी. मुलांसाठी प्रौढांच्या आकाराची कोणतीच नाही. ऑस्ट्रेलियात विक्रीच्या वेळी प्रत्येक क्वाडला एक पट्टी टांगलेली असते. किती अंशांच्या कलावर हे वाहन दोन चाकांवर येते, तो आकडा तिच्यावर छापलेला असतो. वाहन भाड्याने घेऊन वाळूवर नेणाऱ्याच्या हाती ती पट्टी कधी येत नाही.