पूर्णांक व सहनिर्देशक प्रतल

१, २, ३, ... या नैसर्गिक संख्या, शून्य आणि −१, −२, −३, ... या ऋण संख्या मिळून पूर्णांकांचा संच होतो. नैसर्गिक संख्यांपुरतेच पाहिल्यास ५ − ८ या वजाबाकीला उत्तर नाही. पूर्णांकांत मात्र कोणत्याही दोन संख्यांची वजाबाकी करता येते. सरळ रेषेवर शून्यासाठी एक बिंदू ठरवून त्याच्या उजवीकडे समान अंतरांवर धन आणि डावीकडे तशाच अंतरांवर ऋण पूर्णांक मांडले म्हणजे संख्यारेषा मिळते. तिच्यावरील उजवीकडची संख्या डावीकडच्या संख्येपेक्षा नेहमी मोठी असते. म्हणून −७ पेक्षा −३ ही संख्या मोठी होय. चिन्हावरून दिशा कळते, तर केवल मूल्यावरून शून्यापासूनचे अंतर कळते.

चिनी गणिती लिऊ ह्वे यांनी एका प्राचीन गणितग्रंथावर इ. स. २६३ मध्ये लिहिलेल्या टीकेत धन संख्यांसाठी तांबड्या व ऋण संख्यांसाठी काळ्या काड्या वापरण्याची रीत दिली आहे. ब्रह्मगुप्त यांनी ब्राह्मस्फुटसिद्धांत (६२८) या ग्रंथात धन, ऋण व शून्य यांच्या गणितकृत्यांचे नियम सांगितले. धन म्हणजे संपत्ती व ऋण म्हणजे कर्ज, हा व्यवहारातील अर्थ बेरीज-वजाबाकीला पुरेसा पडतो. दोन ऋण संख्यांचा गुणाकार धन का, हे मात्र त्यावरून सहज उमगत नाही. त्याचे कारण वितरण नियमात आहे. १ + (−१) = ० या समीकरणाच्या दोन्ही बाजूंना −१ ने गुणल्यास (−१) + (−१) × (−१) = ० असे मिळते; म्हणून (−१) × (−१) हा गुणाकार १ च असला पाहिजे.

ऋण उत्तराला अर्थ आहे की नाही, हे मोजावयाच्या राशीवर अवलंबून असते. भास्कराचार्यांच्या (जन्म १११४) ग्रंथांत याची दोन बोधक उदाहरणे आहेत. बीजगणितात वानरांच्या कळपाविषयीच्या एका प्रश्नाची ५० व ५ अशी दोन उत्तरे निघतात. कळपाच्या पंचमांशातून ३ वजा करावयाचे असल्याने ५ हे उत्तर घेतल्यास वानरांची संख्या −२ येते. म्हणून ते त्याज्य ठरविले आहे. लीलावतीत १० व १७ या बाजू आणि ९ हा पाया असलेला त्रिकोण घेतला आहे. शिरोबिंदूतून काढलेल्या लंबामुळे पायाचे होणारे खंड (आबाधा) १५ व −६ येतात. येथे मात्र ऋण उत्तर स्वीकारले असून, तो खंड विरुद्ध दिशेला घ्यावा असा त्याचा अर्थ लावला आहे.

हाच त्रिकोण सहनिर्देशक प्रतलावर स्पष्ट दिसतो. परस्परांना लंब असलेल्या दोन संख्यारेषा शून्यापाशी छेदतात; त्या छेदनबिंदूस आदिबिंदू, आडव्या रेषेस क्ष-अक्ष व उभ्या रेषेस य-अक्ष म्हणतात. प्रतलावरील प्रत्येक बिंदूचे स्थान भुज (क्ष) व कोटी (य) यांच्या क्रमित युग्माने दर्शवितात. अक्षांमुळे प्रतलाचे चार चरण पडतात. त्यांतील भुज व कोटी यांची चिन्हे अनुक्रमे (+, +), (−, +), (−, −) व (+, −) अशी असतात. वरील त्रिकोणाचा पाया (०, ०) पासून (९, ०) पर्यंत घेतल्यास शिरोबिंदू (−६, ८) हा दुसऱ्या चरणात पडतो. लंबाचा पाद पायाच्या बाहेर, आदिबिंदूच्या डावीकडे येतो. ६² + ८² = १०² आणि १५² + ८² = १७² यांवरून पडताळा मिळतो.

यूरोपात ऋण संख्यांविषयीचा संशय दीर्घकाळ टिकला. बिंदू व समीकरणे यांची सांगड घालणाऱ्या रने देकार्त यांनीही १६३७ च्या आपल्या भूमितिग्रंथात समीकरणांच्या ऋण मुळांना ‘खोटी’ मुळे म्हटले. जॉन वॉलिस यांनी १६८५ मध्ये पुढे व मागे चालणाऱ्या माणसाच्या उदाहरणाने ऋण संख्येचा अर्थ स्पष्ट केला.

कोणती दिशा धन मानावी, हा संकेताचा प्रश्न आहे. आलेखात सामान्यतः वरची दिशा धन असते, तर संगणकाच्या पडद्यावरील बिंदू बहुधा वरच्या डाव्या कोपऱ्यापासून खाली मोजतात. संकेत कोणताही असो, एका गणितात तो आरंभापासून अखेरपर्यंत एकच राखावा लागतो.