दोन प्रती, पण पूर एकच

हरिपूरच्या पेवांवर सांगलीच्या हळद व्यापाराने पिढ्यान्‌पिढ्या विश्वास टाकला आणि तो आंधळा नव्हता. कृष्णाकाठच्या घट्ट मातीत खोल खणलेल्या पेवाचे तोंड बंद केले की आतला प्राणवायू संपतो, कीड जगत नाही आणि हळद वर्षानुवर्षे टिकते. २००५ च्या महापुरात या पेवांमध्ये पाणी शिरले आणि साठवलेली हळद मोठ्या प्रमाणावर नासली. पेवाचे तंत्र तेव्हाही चुकीचे नव्हते, पण सगळी पेवे एकाच नदीच्या काठी होती. एखाद्याने शहाणपणाने दोन पेवांत माल विभागून ठेवला असता, तरी पुराच्या हिशेबी ते एकच पेव ठरले असते. क्लाऊड बॅकअपची विश्वासार्हता जोखताना बहुतेकांचे इथेच चुकते. कंपनी किती मोठी आहे, जागा किती जीबी मिळते, कुलूप किती भक्कम आहे हे आपण विचारतो. आपल्या दोन प्रती कोणत्या एका कारणाने एकदम जातील, हे विचारायचे राहून जाते.

ऑगस्ट २०१९ मध्ये सांगलीच्या आयर्विन पुलाजवळ कृष्णेची पातळी ५७ फुटांवर गेली. तिथे ४० फूट ही इशारा पातळी आणि ४५ फूट ही धोका पातळी मानतात, यावरून त्या पाण्याचा अंदाज यावा. मारुती चौक, हरभट रोड, गणपती पेठ या भागांतल्या दुकानांत टॅलीचा संगणक, ड्रॉवरमधला पेनड्राइव्ह आणि कपाटातल्या वह्या यांचे नशीब वेगळे असण्याचे कारणच नव्हते. नगर वाचनालयातले ग्रंथ भिजले ते याच पुरात. २०२१ च्या जुलैत पाणी पुन्हा चढले. अशा गावात हिशेब आणि कागदपत्रे गावाबाहेरच्या सर्व्हरवर ठेवावीत हा सल्ला अगदी योग्य आहे. मात्र क्लाऊडवर टाकले की आपण सुटलो, ही समजूत त्या सल्ल्याला नकळत चिकटते. क्लाऊड म्हणजे शेवटी कुठल्या तरी गावातली, कुठल्या तरी इमारतीतली यंत्रे. त्या इमारतीला कृष्णेचा पूर लागणार नाही, पण तिचे स्वतःचे संकट असतेच.

१० मार्च २०२१ रोजी फ्रान्समधल्या स्ट्रासबुर्ग शहरात ओव्हीएच या युरोपातल्या मोठ्या क्लाऊड कंपनीची एक इमारत जळून खाक झाली. अनेक ग्राहकांना त्यानंतर कळले की मूळ माहिती आणि तिचा बॅकअप एकाच आवारात होते. एका ग्राहक कंपनीने तर बॅकअपचे वेगळे पैसे भरले होते आणि तो मूळ यंत्रणेपासून अलग ठेवला जाईल असे करारात लिहिलेले होते. प्रत्यक्षात दोन्ही एकाच इमारतीत निघाले. लील इथल्या व्यापारी न्यायालयाने २०२३ मध्ये ओव्हीएचला त्या ग्राहकाला एक लाख युरोहून अधिक भरपाई द्यायला सांगितले. पैसे मिळाले तरी फायली परत येत नाहीत. दक्षिण कोरियाचे उदाहरण याहून बोलके आहे, कारण तिथे खासगी कंपनीचा नफेखोरपणा पुढे करायलाही जागा नाही. सप्टेंबर २०२५ मध्ये डेजॉन शहरातल्या सरकारी माहिती केंद्राला आग लागली आणि सरकारी कर्मचाऱ्यांच्या सामायिक साठवणीतली ८५८ टेराबाइट माहिती गेली. साठा फार मोठा असल्यामुळे त्याची बाहेर प्रत ठेवली नव्हती, हे कारण नंतर दिले गेले. मोठ्या संस्थेकडे बॅकअप असणारच, असे आपण गृहीत धरतो. इथे साठ्याचा मोठेपणाच बॅकअप नसण्याचे कारण ठरला होता.

यावर आक्षेप येतो की ही अपवादात्मक उदाहरणे आहेत आणि गूगल, ॲमेझॉन यांच्या तोडीची यंत्रणा आपण घरी उभारू शकत नाही. आक्षेपाचा दुसरा भाग निर्विवाद खरा आहे. ॲमेझॉनची एस-३ ही साठवण माहिती टिकण्याची शक्यता ९९.९९९९९९९९९ टक्के राहील अशा बेताने रचलेली आहे आणि तो आकडा केवळ जाहिरातीचा नाही. एकच फाइल अनेक यंत्रांवर पसरून ठेवल्यामुळे डिस्क बिघडण्याचा धोका खरोखरच नगण्य होतो. पण हा आकडा डिस्क आणि यंत्रे बिघडण्यापुरता आहे. चुकून दाबलेले डिलीट, चोरीला गेलेला पासवर्ड, थकलेले बिल, कंपनीने बंद केलेले खाते यांतले काहीच त्या अकरा नवांत मोजलेले नसते. मे २०२४ मध्ये ऑस्ट्रेलियातल्या युनिसुपर या सहा लाखांहून अधिक सभासदांच्या निवृत्तिवेतन निधीला याचा अनुभव आला. गूगल क्लाऊडकडून सेवा उभारताना अंतर्गत साधनातला एक रकाना रिकामा राहिला, त्यामुळे सेवेची मुदत एक वर्षाची धरली गेली आणि मुदत संपताच ती आपोआप पुसली गेली. दोन वेगळ्या ठिकाणी ठेवलेल्या चालू प्रती एकाच आदेशाने गेल्या. अंतर होते, तरी खाते एकच होते. युनिसुपर पुन्हा उभे राहिले ते अलग राखलेल्या बॅकअपच्या जोरावर, आणि त्यांतला एक दुसऱ्याच पुरवठादाराकडे होता.

पेठेतल्या दुकानदाराला हे सगळे परदेशी आणि लांबचे वाटेल. त्याच्या रोजच्या वापरात मात्र याच चुकीचे घरगुती रूप असते, आणि माझ्या मते सर्वांत महाग पडणारा गैरसमज तोच आहे. गूगल ड्राइव्ह, वनड्राइव्ह, ड्रॉपबॉक्स यांचे मुख्य काम सिंक करण्याचे, म्हणजे सगळीकडची प्रत सारखी ठेवण्याचे. तुम्ही फाइल बिघडवली की बिघाडही इमानेइतबारे सगळीकडे पोचतो. खंडणीखोर व्हायरसने टॅलीचे फोल्डर कुलूपबंद केले, तर ती कुलूपबंद फाइलही वर चढते. जुन्या आवृत्त्या आणि कचरापेटी यांची सोय असते, पण व्यक्तिगत खात्यांत ती बहुधा ३० दिवसांपुरती. वर्षाअखेरीला सीएंनी मागितल्यावर जूनमधली फाइल रिकामी निघाली, तर ती मुदत केव्हाच उलटून गेलेली असते. कोणतीही सेवा निवडताना जुनी आवृत्ती किती दिवस राहते, हा प्रश्न जागा किती मिळते याच्या आधी विचारायला हवा.

कुलपाबद्दलची समजूतही अर्धवट आहे. माहिती सांकेतिक रूपात ठेवतो असे जवळपास प्रत्येक कंपनी सांगते आणि ते खरेही असते. प्रश्न किल्ली कोणाकडे आहे हा. किल्ली कंपनीकडे असेल तर कंपनी, तिचा एखादा कर्मचारी किंवा सरकारी आदेश ते कुलूप उघडू शकतो. ॲपलने आयक्लाऊडसाठी किल्ली फक्त ग्राहकाकडे राहील अशी सोय २०२२ च्या अखेरीस आणली आणि फेब्रुवारी २०२५ मध्ये ब्रिटनमध्ये ती मागे घेतली. व्हॉट्सॲपच्या बॅकअपला अशी सोय २०२१ मध्ये मिळाली, तीही आपण सुरू केली तरच. मात्र किल्ली स्वतःकडे ठेवणे नेहमीच अधिक सुरक्षित असते, असे मी म्हणणार नाही. ती हरवली तर कंपनीही दार उघडू शकत नाही. पतसंस्थेने सभासदांची माहिती ठेवताना किल्ली आपल्याच हाती राखावी. लग्नाच्या फोटोंना मात्र डोकावणाऱ्यांपेक्षा विसरलेल्या पासवर्डचा धोका मोठा आहे.

‘सर्व्हर भारतात आहे’ हे वाक्य ऐकूनही अनेकजण निश्चिंत होतात. कंपन्यांच्या हिशेबाच्या नियमांतल्या ऑगस्ट २०२२ च्या दुरुस्तीनुसार कंपन्यांनी हिशेबाच्या इलेक्ट्रॉनिक वह्यांचा बॅकअप भारतातल्या सर्व्हरवर रोज ठेवायचा आहे. हा नियम नोंदणीकृत कंपन्यांसाठी आहे, मालकी किंवा भागीदारीतल्या अडत दुकानाला तो लागू नाही. त्यामागचा हेतू तपास यंत्रणेला वह्या मिळाव्यात हा आहे, तुमची फाइल टिकावी हा नव्हे. डिजिलॉकरबद्दलही असाच घोळ होतो. संबंधित कार्यालयाने किंवा मंडळाने दिलेले तिथले दस्तऐवज कायद्याने मूळ कागदाच्या बरोबरीचे आहेत. आपण फोटो काढून चढवलेल्या कागदाला तो दर्जा नाही. पूरग्रस्त पट्ट्यातल्या कुटुंबाने हा फरक समजून घेऊन गुणपत्रिका आणि परवाना मंडळाच्या व परिवहन विभागाच्या नोंदीतूनच तिथे आणून ठेवावेत. डिजिटल स्वाक्षरीचा सातबाराही २०१८ पासून मिळतो.

मग घरातली हार्डडिस्कच बरी, असा निष्कर्ष कोणी काढेल. ती क्लाऊडच्या जोडीला हवीच, कारण खाते बंद झाले तरी ती बंद होत नाही. पण एकटी ती पुन्हा नदीकाठचे पेव ठरते. पीटर क्रोग या अमेरिकन छायाचित्रकाराने रूढ केलेला नियम तीन प्रती, दोन प्रकारची साधने आणि एक प्रत गावाबाहेर असे सांगतो. त्यात मी एक भर घालेन: निदान एक प्रत वेगळ्या खात्यात आणि वेगळ्या पासवर्डखाली असावी. ओटीपी ज्या मोबाइलवर येतो तोच हरवला तर काय, हेही ठरवून ठेवावे. छोट्या दुकानदाराला एवढा वेळ कुठे, ही तक्रार रास्त आहे, म्हणून त्याने निदान एकच चाचणी करावी. दर तिमाहीला जुनी एखादी फाइल दुसऱ्याच संगणकावर उतरवून उघडून पाहावी. सेवा विश्वासार्ह आहे का, याचे त्याहून खरे उत्तर कोणत्याही माहितीपत्रकात मिळत नाही.

आणि खाते ज्याच्या नावावर आहे त्याच्यामागे ते कोण उघडणार, हेही पाहा. दोन वर्षे न वापरलेले व्यक्तिगत खाते त्यातल्या मजकुरासह पुसण्याचे धोरण गूगलने २०२३ मध्ये जाहीर केले आणि त्याच वर्षी डिसेंबरपासून ते लागू झाले. खाते निष्क्रिय झाल्यावर माहिती कोणाला मिळावी हे सांगण्याची सोय त्याच खात्याच्या सेटिंगमध्ये आहे. तिथे घरातल्या एका विश्वासू माणसाचे नाव भरून ठेवा.